कापडातला पक्षी डोळ्यांना दिसतच नव्हता

प्रश्न: पेरू देशातल्या जुन्या कापडांचे फोटो मोबाईलवर बघितले. सगळीकडे साप, मांजरं, पक्षी, आणि सापाच्या पोटात परत साप! खाली लिहिलेलं की कॉन्डोर (मोठं गिधाड) म्हणजे आकाश, प्युमा (मोठं रानमांजर) म्हणजे जमीन, साप म्हणजे पाताळ. एवढं सोपं असतं का हे, का माझ्या सासूबाईंच्या पैठणीवरच्या मोरासारखी आपली नक्षी?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, नुसती नक्षी नक्कीच नाही. पण ते आकाश-जमीन-पाताळ सगळीकडे लावू नका, कारण ती तीन जगं आपल्यापर्यंत आली इंका लोकांच्या क्वेचुआ भाषेतून, म्हणजे पाच-सहाशे वर्षांमागची गोष्ट, आणि तुम्ही सांगताय ती कापडं बहुतेक पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाराकासची, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या लोकांनी लिहून काही ठेवलं नाही, त्यामुळं कापडच वाचायचं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हुआका प्रिएता या जागेचा कापडाचा तुकडा. साधारण ४५०० वर्षांपूर्वीचा, सुती, आणि तेव्हा माग पण नव्हता हो, टोपली विणतात तसे दोन आडवे धागे एकमेकांना पीळ देत उभ्या धाग्यांभोवती गुंफत न्यायचे. १९४६-४७ ला पुरातत्त्वज्ञ ज्युनिअस बर्ड यांनी तिथं खोदकाम केलं. रंग पार उडालेला, बघितलं तर मळकी चिंधी. मग एकेक धागा कुठं सरकलाय ते त्यांनी कागदावर मांडत नेलं आणि पंख पसरलेला कॉन्डोर उमटला, त्याच्या पोटात साप! म्हणजे हे पोटातलं जनावर पाराकासच्याही कितीतरी आधीचं.

पाराकासला १९२७ साली पेरूचेच पुरातत्त्वज्ञ हूलिओ तेयो यांना वाळवंटात ४२९ गाठोडी मिळाली, कापडांच्या थरांत गुंडाळलेली मृत माणसं. पाऊस जवळजवळ नाही म्हणून लोकरीचे रंग अजून ताजे. सनगरांच्या मागावर घोंगडी होताना बघितली असेल तर कळेल, उभ्या-आडव्या धाग्यात गोलाई काढणं किती अवघड ते. पाराकासच्या एका प्रकारात भरतकामाचे टाके पण त्याच सरळ वाटेनं जातात, म्हणून साप कोनाकोनात वळतो आणि मांजराच्या अंगात छोटं मांजर बसतं. ही कापडं मेलेल्या माणसासोबत पुरलेली, त्यामुळं पोटातलं ते छोटं जनावर म्हणजे पुढचा जन्मच असावा असं मला मनापासून वाटतं.

फोटो परत उघडा आणि झूम करून सापाची शेपटी शोधा, बऱ्याचदा तिथं दुसरं डोकं असतं.