बर्फ पडला त्या रात्रीही झोप लागली नव्हती

"मॅडम, रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. असंच चाललं तर माझं डोकंच चालेनासं होईल."

ही काळजी घेऊन खूप जण येतात. त्यांच्यातल्याच एकीबद्दल, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

ती चाळिशीतली, थंड प्रदेशात राहणारी. जाग आली की आधी मोबाइलवर वेळ बघायची. मग हिशेब सुरू: आता लागली तर तीन तास मिळतील, आता लागली तर अडीच. पाठोपाठ ऑफिसमधली चूक, आईचं आजारपण. दिवसा ज्यांना ती धीराने तोंड द्यायची, त्याच गोष्टी त्या वेळी अंगावर यायच्या. पहाटे शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं आणि बऱ्याच जणांचं मनही तेव्हा खचलेलं असतं. म्हणून त्या वेळी आपल्या आयुष्याचा निकाल लावायचा नाही, एवढं मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं.

एकदा ती आली तीच प्रसन्न चेहऱ्याने. आदल्या रात्री चारच्या सुमारास जाग आली, तर खोली नेहमीपेक्षा उजळ आणि बाहेर कसलाच आवाज नाही. पडदा सारला तर बर्फ पडत होता. ती शाल गुंडाळून खिडकीशी बसली. दिव्याच्या उजेडात कण तिरके येत होते, मध्येच वाऱ्याने वर उचलले जात होते. कठड्यावर, वाळलेल्या फांद्यांवर थर चढत होता. रस्त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ती शांतता तिचा भास नव्हता. ताज्या बर्फात बरीचशी हवाच असते आणि त्या पोकळ्यांत आवाज जिरतो. उजेड वाढतो तो दिव्यांचा प्रकाश बर्फ आणि ढग परतवतात म्हणून. हे ऐकून ती लहान मुलीसारखी हसली.

"मग झोप लागली?" मी विचारलं.

"नाही ना! उजाडेपर्यंत जागीच होते. तरी दिवस छान गेला. असं कसं?"

जागरण नेहमीएवढंच झालं होतं, पण त्या रात्री झुंज नव्हती. झोप आणायला जोर लावला की अंग ताठतं, कान टवकारतात, मन पहाऱ्यावर बसतं. बर्फ बघताना तिला झोपेची आठवणच राहिली नव्हती.

पुढे मात्र वेगळंच झालं. ती रोज रात्री हवामानाचा अंदाज बघू लागली. पुन्हा बर्फ पडला तेव्हा मुद्दाम उठून बसली आणि हिरमुसून आली: "या वेळी काहीच वाटलं नाही." बर्फाचीही तिने झोपेची गोळी केली होती. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, कारण तिला एक खरीखुरी सुंदर गोष्ट सापडली होती.

मग आम्ही मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेल्या पद्धतीने काम केलं. डोळे जड झाले तरच अंथरुणावर जायचं. झोप येत नसेल तर उठून मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परतायचं. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच, दिवसा डुलकी नाही. घड्याळ आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. खिडकीशी बसायला हरकत नव्हती. बाहेर बर्फ असो, पाऊस असो वा नुसता काळोख. सुरुवातीला थकवा वाढला आणि ती माझ्यावर चिडलीही. ते अपेक्षितच असतं. ही पद्धत ज्याचा भाग आहे, त्या निद्रानाशासाठीच्या सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या) उपचाराची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये गोळ्यांच्या आधी केली आहे.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असंच चाललं असेल तर मदत घ्या. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर तेवढंही थांबू नका, लगेच डॉक्टरांना भेटा.

तिला अजून अधूनमधून जाग येते. मागच्या भेटीत मात्र झोपेचा विषय पाच मिनिटांत संपला आणि उरलेला वेळ ती आईच्या आजारपणाबद्दल बोलली.