पांढऱ्या खादीला ऑस्कर कसं?

ऐतिहासिक चित्रपट-नाटकांच्या वेशभूषेवर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतो.

‘गांधी’मध्ये जवळपास सगळेच पांढऱ्या खादीत. मग वेशभूषाकार भानू अथैयांना ऑस्कर नेमकं कशाचं? (सांगली)

गोष्ट १८९३च्या दक्षिण आफ्रिकेपासून १९४८च्या दिल्लीपर्यंतची. सुटाबुटातला बॅरिस्टर ते पंचा नेसलेला म्हातारा, या प्रवासाचे ढीगभर फोटो उपलब्ध. म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. पंचा आला सप्टेंबर १९२१मध्ये, मदुराईत. त्याआधीच्या प्रसंगात तो दिसला की संपलंच. कस्तुरबांचंही तसंच. आफ्रिकेला निघताना त्यांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट घालायला लावला, हे गांधींनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

शिवाय पांढरा हा काही एकच रंग नाही. कोरी खादी पिवळट आणि खरबरीत, धुऊन धुऊन ती मऊ पडते, नीळ घातली की आणखी वेगळी झाक. सगळ्या गर्दीला एकाच ठाणातलं कापड दिलं तर शाळेचं गॅदरिंग वाटायचं!

१९८३चं ते ऑस्कर अथैया आणि जॉन मोलो या दोघांचं. मोलो लष्करी गणवेशांचे जाणकार, आणि त्यांचं आधीचं ऑस्कर होतं ‘स्टार वॉर्स’चं. कोल्हापूरची चित्रकार आणि अवकाशातल्या सैनिकांचा शिंपी, अशी ही जोडी.

‘आम्रपाली’तले वैजयंतीमालाचे कपडे अथैयांनी अजिंठ्याच्या चित्रांवरून केले. म्हणजे ते बुद्धकाळातलेच झाले ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही झाले. तरी मी अथैयांच्याच बाजूचा.

‘आम्रपाली’तला मगधाचा राजा अजातशत्रू इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. आपण ज्या चित्रांवरून अजिंठा ओळखतो ती १, २, १६, १७ या लेण्यांतली चित्रं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये गेली हजार वर्षं! शिलाहारांच्या राणीला आजचा सलवार-कुडता चढवण्यासारखंच हे.

पण बुद्धकाळातलं ना वस्त्र उरलं, ना चित्र. त्यातल्या त्यात जवळची मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपावरची शिल्पं, तीही काही शतकांनंतरची, आणि दगडावरून कापडाचा रंग काही कळत नाही. अजिंठ्यात तो कळतो. कमरेच्या वस्त्रावरचे आडवे पट्टे कळतात, ते किती झिरझिरीत होतं हेही कळतं. डिझायनरने मग जावं कुठे?

जाता जाता, ‘प्राचीन भारतात शिवलेले कपडे नव्हतेच’ असं ठासून सांगणाऱ्यांनी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली, महाजनक जातकाच्या (बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या) चित्रातली नर्तकी एकदा पाहून यावी. तिच्या लांब बाह्या काय नुसत्या गुंडाळलेल्या आहेत?

शिवकालीन नाटकात पुणेरी पगडी चालेल का? (नाशिक)

नको. ती एकोणिसाव्या शतकातली. रानडे, टिळकांच्या डोक्यावरच शोभते.

आमची एकांकिका पेशवाईतली आहे. कपडेपटाला पैसे जेमतेम. कुठे खर्च करू? (डोंबिवली)

शिलाईवर करा. जरीकाम दिसतं पहिल्या दोन रांगांना, कपड्याची बेतणी मात्र सगळ्यांना. अंगरख्याला बंदच लावा. चेन नको, आणि वेल्क्रो तर मुळीच नको. एकदा घाईत मी तो लावला होता. मरणाच्या प्रसंगात सरदाराने छातीवर हात नेला आणि ‘खर्रर्र’ असा आवाज पार बाल्कनीपर्यंत गेला. त्या रात्री सरदाराला टाळ्या मिळाल्या, पण हशासकट.

रंग निवडताना भडक राणी आणि जांभळा टाळा. रासायनिक रंगांची सुरुवातच १८५६ची. हळद, मंजिष्ठा, नीळ यांच्या घरातले रंग घ्या. नवं सुती कापड कडक चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवा, इस्त्री फिरवू नका. मग मनगट, काख आणि घेराची कड तेवढी मळवा. अंग आणि जमीन लागते तिथेच कपडा जुना होतो. सगळीकडे सारखा मळवलात तर तो नुसताच घाणेरडा दिसेल.

आणि बायकांच्या चोळीची बाही कोपरापर्यंत ठेवा. देवीची लससुद्धा मुंबईत आली १८०२मध्ये, आणि तुमच्या पेशवीण गोपिकाबाई झालेल्या नटीच्या डाव्या दंडावर बीसीजी लशीचा वण असणार.