सायलीचं इंग्रजी आणि चुलतभावाच्या झेरॉक्स

आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या टेबलापलीकडून येतं : "मॅडम, माझं इंग्रजीच कच्चं आहे." म्हणणारं पोर कधी सटाण्याचं असतं, कधी दिंडोरीचं, कधी इथलंच नाशिकच्या सिडकोतलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंग्रजीतून डिग्री, आणि आता परदेशात शिकायचं तर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची. एकदा देऊन झालेली असते, बँड (तिथल्या गुणांना बँड म्हणतात) कमी आलेले असतात, आणि दोष कुणाचा हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं असतं. दोष इंग्रजीचा.

सायलीच्या घरीही तसंच ठरलं होतं. (नाव बदललं आहे, तिला विचारूनच लिहिते आहे.) पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे त्यांची द्राक्षबाग. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली, पुढे वनस्पतिशास्त्रात मास्टर्स करायचं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात आली तेव्हा सोबत वडील होते. त्यांनीच निकालाचा कागद माझ्यासमोर ठेवला. लिसनिंग ६, रीडिंग ५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ५.५. एकूण ५.५. विद्यापीठाला हवे होते एकूण ६.५, आणि कुठल्याही विभागात ६ च्या खाली चालणार नव्हतं.

"पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ग्रामर करत बसायची, मॅडम," आप्पा म्हणाले. "तरी असं कसं?"

सायली खाली बघत होती. मी तिच्याशी सगळं बोलणं मुद्दाम इंग्रजीतून सुरू केलं. पंधरा मिनिटं ती बोलली. अडखळली, काळ दोनदा चुकला, पण बागेत डाऊनी हा द्राक्षांवरचा रोग कसा येतो आणि पावसानंतर काय करावं लागतं हे तिनं मला नीट समजावून सांगितलं. पाच-साडेपाचचं इंग्रजी असं नसतं. म्हणून मी विचारलं, तयारी कशावरून केलीस?

तिनं पिशवीतून एक जाड गठ्ठा काढला. चुलतभावाच्या झेरॉक्स. तो काही वर्षांपूर्वी कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, परीक्षेला बसला होता, त्याला चांगले बँड आले होते, म्हणून घरात तो गठ्ठा पोथीसारखा जपलेला.

गठ्ठा चाळला आणि निम्मं उत्तर मिळालं. या परीक्षेचे दोन प्रकार असतात. भावानं दिली होती जनरल ट्रेनिंग, तीही कागदावरची. सायलीनं दिली अ‍ॅकॅडेमिक, कम्प्युटरवर. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हींत सारखंच असतं, पण रीडिंगचे उतारे वेगळे आणि रायटिंगचा पहिला प्रश्नही वेगळा. जनरलमध्ये पत्र लिहायचं असतं. अ‍ॅकॅडेमिकमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया दिलेली असते आणि तिचं वर्णन करायचं असतं. सायलीनं पत्रं तीसेक लिहिली होती. आलेख दोन. परीक्षेत समोर आलेख आला आणि त्यात तिची पस्तीस मिनिटं गेली.

रायटिंगला एकूण ६० मिनिटं. पहिला प्रश्न निदान १५० शब्दांचा, दुसरा निबंध निदान २५० शब्दांचा, आणि निबंधाला दुप्पट वजन असतं. म्हणून पहिल्याला २० मिनिटं आणि दुसऱ्याला ४० असा हिशेब धरतात. सायलीचा निबंध अर्ध्यावर राहिला तो इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही, घड्याळ संपलं म्हणून. शिवाय आलेखात तिनं स्वतःची मतं घातली होती, असं का झालं असावं, सरकारनं काय करावं वगैरे. तिथे मत कुणी विचारतच नाही. दिसतं ते सांगायचं, मोठे बदल उचलायचे, तुलना करायची.

लिसनिंगचं ऐकून मात्र मला मनापासून वाईट वाटलं. चार भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, आणि रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. कागदावरच्या परीक्षेत त्यानंतर उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला १० मिनिटं मिळतात. कम्प्युटरवर ती मिळत नाहीत, फक्त २ मिनिटं तपासायला असतात, कारण उत्तरं ऐकता ऐकताच टाइप करायची असतात. भावाच्या झेरॉक्सवर 'शेवटी १० मिनिटं' असं लाल पेननं गोल केलेलं होतं. सायलीनं शेवटच्या भागाची उत्तरं कच्च्या कागदावर लिहिली, आता वेळ मिळेल म्हणून निवांत राहिली, आणि स्क्रीन बंद झाली. बरोबर ऐकलेली सहा-सात उत्तरं त्या कागदावरच राहून गेली.

"हे मी घरी सांगितलंच नाही," ती हळूच म्हणाली. "वाटलं, बहाणा वाटेल."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

रीडिंगची गोष्ट मी आता प्रत्येक मुलाला सांगते. दुसऱ्या भेटीत मी तिच्यासाठी द्राक्षांवरच एक छोटा उतारा लिहून ठेवला होता. त्यात एवढंच होतं, की एका भागातले शेतकरी मणी मोठे व्हावेत म्हणून घडांची विरळणी करतात. खाली विधान : मणी मोठे करण्यासाठी हे शेतकरी संजीवक वापरतात. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन?

सायलीनं क्षणात 'ट्रू' लिहिलं.

"कशावरून गं?"

"मॅडम, जीएचं डिपिंग आम्हीच करतो की. आप्पांना विचारा." (जीए हे वाढीचं संजीवक, त्याच्या द्रावणात घड बुडवतात.)

आप्पा दाराजवळच्या खुर्चीवरून म्हणाले, "करावंच लागतं. नाहीतर मणी फुगत नाही."

दोघंही बागेपुरते अगदी खरे होते. पण उताऱ्यात जीएचं नावही नव्हतं. मी तिला बोट ठेवून ते वाक्य दाखवायला सांगितलं. तिनं उतारा दोनदा वाचला, बोट खाली-वर फिरवलं आणि थांबली. "नाहीये," म्हणाली. मग उत्तर 'नॉट गिव्हन'. उतारा विधानाशी जुळतो तेव्हा ट्रू, उतारा विधानाच्या उलट सांगतो तेव्हाच फॉल्स, आणि उतारा गप्प असेल तर नॉट गिव्हन. स्वतःला काय माहीत आहे ते तेवढा तास बांधावर ठेवून यायचं. शेतीची हुशार मुलगी शेतीच्या उताऱ्यातच जास्त चुकत होती, कारण ती उतारा न वाचता बाग वाचत होती.

याच प्रश्नांत तिचा बाकीचा वेळही जायचा. ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याला वीसच मिनिटं. ती पहिला उतारा शब्द न् शब्द डिक्शनरीच्या धाकानं वाचायची, तिसरा उघडेपर्यंत सात मिनिटं उरलेली. आपल्याकडे धडा पाठ करून मग स्वाध्याय करायची सवय लागलेली असते, ती इथे नडते. उतारा आधी वरवर बघून घ्यायचा, प्रश्न वाचायचे, मग उत्तर कुठे आहे तिथे जाऊन नीट वाचायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडायची नाही. आणि 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलं असेल तर तीन शब्दांचं बरोबर उत्तरही चूक धरलं जातं.

एक गोष्ट ऐकून सायलीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. अ‍ॅकॅडेमिक रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण २३ बरोबर आले तर ६ च्या आसपास बँड मिळतो, ३० आले तर ७. "म्हणजे दहा चुकले तरी सात?" तिनं दोनदा विचारलं. पंच्याण्णव टक्क्यांशिवाय घरी तोंड दाखवायचं नाही अशा वातावरणात वाढलेल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. ही पास-नापासाची परीक्षा नाही, पट्टीवर आपण कुठे उभे आहोत ते मोजणारी आहे.

स्पीकिंगमध्ये तिचं काय झालं, तेही तिनं तेव्हाच सांगितलं. मुलाखत ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांत. दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. ती गावच्या यात्रेवर छान रंगात आली होती आणि परीक्षकांनी मध्येच "थँक यू" म्हणून थांबवलं. तिला वाटलं, काहीतरी मोठं चुकलं. पुढचा सगळा तिसरा भाग तिनं "येस सर", "नो सर" वर काढला. खरं तर दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतातच, प्रत्येकाला. आणि सर्वांत मोकळं बोलायचं असतं ते तिसऱ्या भागात. मोठ्यांसमोर थोडक्यात बोलावं हे आपल्या घरातलं वळण चांगलंच आहे, पण तिथे मत विचारल्यावर कारणासकट बोलावं लागतं. उच्चार समजला पाहिजे, मराठी वळण असलं तर असू दे.

पुढचे दहा दिवस मी तिचं ग्रामर बंद केलं. फक्त पेपर, कम्प्युटरवर, घड्याळ लावून. त्यानंतर मात्र ग्रामरकडे परत गेलो, कारण आर्टिकल्स आणि भूतकाळ खरोखरच कच्चे होते. पेपरची घडण कळली म्हणजे भाषा आली, असं मी कुणालाही सांगत नाही. पाठ निबंध देणाऱ्या एका क्लासच्या नोट्सही तिच्याकडे होत्या, त्या मी बाजूला ठेवायला लावल्या. पाठ केलेलं परीक्षकांना कळतं आणि बँड खाली येतो. तारीख आम्ही द्राक्षांची काढणी आटोपल्यावरची धरली, नाहीतर मार्चमध्ये त्या घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

निकाल आला त्या संध्याकाळी तिचा फोन आला तो रडतच. लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ६. तिनं सरासरी काढली होती : ६.३७५. "थोडक्यात गेलं, मॅडम." मी म्हटलं, सरासरी जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात, ६.२५ असते तरी ६.५ धरले असते. कागदावर खाली एकूण काय छापलंय ते वाच. पलीकडे शांतता, मग आप्पांचा आवाज, "साडेसहा लिहिलंय की इथं!"

यादीतलं एक विद्यापीठ तरीही गळालं, त्यांना रायटिंगमध्येच ६.५ हवे होते. बाकी दोन ठिकाणी अर्ज गेले.

चुलतभावाचा गठ्ठा आता सायलीच्या मावसबहिणीकडे आहे. तीही अ‍ॅकॅडेमिकच देणार आहे, म्हणून पत्रांची आणि रीडिंगची पानं सायलीनं काढून टाकली, लिसनिंगची ठेवली. त्या लाल गोलाच्या शेजारी तिनं निळ्या पेननं लिहिलंय : हे कागदावरच्या परीक्षेचं. कम्प्युटरवर दोनच मिनिटं. ऐकता ऐकता टाइप कर.