कोरोनाची बंधनं सैल होताच नाटक-सिनेमा सुरू झाले, मग तमाशाचे फड, म्हणजे तमाशा मंडळ्या, लगेच का उभे राहिले नाहीत? पुन्हा साथ आली तर फडमालकानं काय करावं?

आधी तीन वर्षांचे गुढीपाडवे बघा, अर्धं उत्तर तिथंच आहे. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. 2021 चा पाडवा 13 एप्रिलला. त्याच संध्याकाळी राज्यात संचारबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री 8 पासून लागू झाली. 2022 चा पाडवा 2 एप्रिलला, आणि राज्यातले निर्बंध उठले तेही त्याच दिवशी.

बाकीच्यांसाठी पाडवा हा एक सण. तमाशासाठी तो वर्षाचा बाजार. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं येतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या (खेळांचे करार) ठरवून इसार (आगाऊ रक्कम) देऊन जातात. मोठे तंबूचे फड दसऱ्यालाच बाहेर पडतात, पण तिकिटावरचे ते महिने बहुतेकदा जेमतेम खर्च भागवतात. कर्ज फिटतं ते जत्रांच्या सुपाऱ्यांवर. म्हणजे सलग दोन वर्षं कमाईचेच दिवस बुडाले, आणि पहिल्या वर्षी तर खर्चाचे दिवस आधीच होऊन गेले होते.

दुसरं कारण उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे. फडाचा पैसा उलटा फिरतो. पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा मालक सावकाराकडून पैसे उचलतो आणि कलावंतांना पुढच्या हंगामापोटी उचल देतो. नाचणारणी, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे बिगारी, सगळ्यांना. मार्च 2020 मध्ये ही उचल घराघरांत कधीच खर्च झाली होती, ती फिटायची होती एप्रिल-मे मध्ये. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण ती बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या कर्जाला. त्यावरही व्याज चालूच राहिलं. सावकाराच्या वहीला असली मुभा नसते. त्यामुळे दुसऱ्या पावसाळ्यात मालकाकडे उचल द्यायला पैसे नाहीत, जुनी उचल कलावंतांच्या अंगावर तशीच, आणि माणसं पांगलेली: कुणी शेतमजुरीला, कुणी भाजीच्या गाडीवर.

परवानग्या आल्या त्याही भलत्याच वेळी. 5 नोव्हेंबर 2020 पासून नाट्यगृहं-चित्रपटगृहं निम्म्या प्रेक्षकांवर उघडली. दसरा होऊन गेला होता 25 ऑक्टोबरला. फड उभा करायला किमान दोन महिने लागतात. माणसं जमवायची, तालमी घ्यायच्या, गाड्या रस्त्यावर आणायच्या. हे सगळं गणपतीच्या सुमारास सुरू व्हावं लागतं. सिनेमागृहाला कुलूप काढून झाडू मारला की झालं. पुढच्या वर्षीही तेच: 22 ऑक्टोबर 2021 ला नाट्यगृहं उघडली, दसरा 15 लाच झाला होता, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा निर्बंध आले. मधे 28 मार्च 2021 पासून रात्रीची जमावबंदी होती. आधी गण-गवळण, मग बतावणी (विनोदी सवाल-जवाब) होऊन वग, म्हणजे मुख्य नाट्य, उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटते, तिथं रात्री 8 नंतर बंदी म्हणजे खेळच नाही.

निम्म्या प्रेक्षकांचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. समजा 100 माणसांचा फड आहे. जेवण-चहाचे माणशी 100 रुपये धरले तरी दिवसाला 10,000 रुपये चुलीतच जातात. वर डिझेल, जनरेटर, गाड्यांचे हप्ते, पगार. प्रेक्षक निम्मे म्हणून अर्धी ढोलकी नेता येत नाही.

ऑनलाइन तमाशा करा, असा सल्ला तेव्हा बराच फिरला. मला तो कधीच पटला नाही. समोरची शिट्टी, टोमणा, दौलतजादा (प्रेक्षकांनी उधळलेलं बक्षीस) यांवर बतावणी चालते. कॅमेऱ्यापुढे सोंगाड्याला उत्तर द्यायला कुणी नसतं. आणि मोबाइलवर काढलेल्या चित्रफितींचे पैसे चॅनेलवाल्याला मिळतात, फडाला नाहीत.

सरकारी मदतीचं थोडक्यात: राज्यानं 2021 मध्ये एकल कलाकारांना 5,000 रुपये एकरकमी मंजूर केले. वृद्ध कलावंतांचं मानधन 50 वर्षांपुढच्यांना, म्हणजे नाचणाऱ्या बहुतेक पोरी त्यात बसतच नाहीत. आणि काही नुकसान भरून येणारं नव्हतंच. मे 2021 मध्ये ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. त्या पिढीला वगाचे संवाद पाठ असायचे, ते सगळेच काही कागदावर नाहीत.

आता पुढच्या साथीचं. सुपारी तोंडी किंवा नुसत्या चिठ्ठीवर घेऊ नका. कागदावर तारीख, खेळाची वेळ, सकाळची हजेरी (दुसऱ्या दिवशी सकाळचा खेळ) आहे की नाही, रक्कम, इसार आणि परवानग्या कोण काढणार एवढं लिहा. त्याखाली एक कलम: सरकारी आदेशानं जत्रा रद्द झाली तर इसार पुढच्या वर्षीच्या सुपारीत वळता होईल, त्याही वर्षी रद्द झाली तर किती परत द्यायचा, तो आकडा. गाड्या निघाल्यानंतर रद्द झालं तर डिझेलचा खर्च कुणाचा, हेही लिहा. भांडणं नेमकी तिथंच होतात. इसार लोकवर्गणीतला असतो आणि पुढच्या वर्षी पंच बदललेले असतात, म्हणून सही एकाची नको, तिघांची घ्या.

उचल तीन हप्त्यांत द्यावी: एक पावसाळ्यात, दुसरी तालमीला, तिसरी दसऱ्याला. हे सांगायला सोपं आहे. शेजारचा फड पूर्ण उचल एकदम देत असेल तर चांगली ढोलकी तिकडंच जाणार. सगळ्या मालकांनी मिळून ठरवलं तरच ते टिकेल. प्रत्येक कलावंताची ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी मात्र करून ठेवा. मदत जाहीर झाल्यावर ‘तुम्ही कलावंत कशावरून?’ हा प्रश्न हमखास येतो, म्हणून फडाच्या शिक्क्याचा दाखला आणि जुन्या सुपाऱ्यांच्या प्रती जपून ठेवा.

आणि सामान. फड वर्षभर बसला की खरा घाला तिथं पडतो. तंबूचं कापड कडक उन्हात वाळवल्याशिवाय घडी करू नका; ओलं राहिलं तर बुरशी धरते आणि पुढच्या हंगामातल्या पहिल्याच वाऱ्यात शिवण उसवते. घडी जमिनीवर नको, फळ्यांवर ठेवा आणि दर दोन महिन्यांनी उलगडून उंदरांनी कुरतडलं का बघा. जनरेटर महिन्यातून दोनदा अर्धा तास भार देऊन चालवा. टाकी रिकामी ठेवली तर आत पाणी सुटतं, म्हणून भरलेली ठेवा. ट्रक एकाच जागी उभा ठेवू नका, चाकं त्याच बाजूला दबून चपटी होतात. पंधरा दिवसांनी थोडा पुढे-मागे घ्या. ढोलकीची दोरी थोडी सैल करा आणि ती कोरड्या सुती कापडात गुंडाळून चुलीपासून लांब टांगा. ताणलेल्या कातड्याला पावसाळ्यात ओल लागते, उन्हाळ्यात ते आक्रसतं, त्यावरच्या शाईला (काळ्या लेपाला) भेगा जातात आणि मग वाजवताना खपल्या निघतात. हलगी शेकून पुन्हा बोलती करता येते, ढोलकीची शाई गेली की ती कारागिराकडेच न्यावी लागते. म्हणून तालमीच्या महिनाभर आधी ढोलक्या काढून वाजवून बघा, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नको. तेव्हा कारागिराकडे सगळ्याच फडांच्या ढोलक्या पडलेल्या असतात.