नाव लपवलेलं वाय-फाय फोनला कसं जोडायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या दवाखान्यात राउटर बसवणाऱ्याने वाय-फायचं नाव लपवून ठेवलंय. जुने फोन चालतात, पण नवा अँड्रॉइड फोन जोडता येत नाही. नाव आणि पासवर्ड टाकला की खाली 'सेव्ह्ड' असं येतं आणि पुढे काहीच होत नाही. पासवर्ड तीनदा तपासला, बरोबर आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पासवर्ड बरोबरच असणार. चुकीचा असता तर फोनने जोडण्याचा प्रयत्न केला असता आणि मग नकार आल्याचं दाखवलं असतं. तुमचा फोन प्रयत्नच करत नाहीये, कारण आपलं नेटवर्क इथे आहे हे त्याला कळलेलंच नाही.

राउटर साधारण सेकंदाला दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडत असतो. त्यात त्याचं नाव, चॅनेल आणि सुरक्षेचा प्रकार असतो. नाव लपवलं तरी हा संदेश थांबत नाही, फक्त नावाची जागा रिकामी जाते. अशा वेळी फोनने आपणहून नाव घेऊन विचारावं लागतं, "अमुक नेटवर्क आहे का इथे?" मग राउटर "आहे" म्हणतो. असं नाव घेऊन विचारायची परवानगी फोनला एका वेगळ्या बटणाने द्यावी लागते, आणि अँड्रॉइडमध्ये ते बटण मुळात बंद असतं. तुमचं घोडं तिथेच अडलंय.

आधी सेव्ह झालेली नोंद 'फर्गेट' करून काढून टाका. तीच दुरुस्त करत बसू नका, बऱ्याच फोनमध्ये हे बटण नंतर बदलता येत नाही. मग सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'इंटरनेट', आणि यादीच्या अगदी तळाशी 'अ‍ॅड नेटवर्क'. सॅमसंगमध्ये हीच वाट 'कनेक्शन्स' आणि 'वाय-फाय' अशी जाते. नाव लिहा. त्याखाली 'सिक्युरिटी' मध्ये बहुतेक फोन आधीच 'नन' धरून बसलेले असतात, ते बदलून 'डब्ल्यूपीए२-पर्सनल' (पासवर्डने झाकणारा सुरक्षेचा प्रकार) करा. राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असं मिश्र असेल तरी हाच पर्याय चालतो. फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर तोच निवडा. पासवर्ड लिहिल्यावर लगेच 'सेव्ह' दाबू नका. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा, थोडं खाली सरका, 'हिडन नेटवर्क' समोरचं 'नो' बदलून 'येस' करा. तिथे सुरक्षेविषयी एक सूचना येते, तिच्याबद्दल पुढच्या एका उत्तरात लिहिलंय. आता सेव्ह करा आणि अर्धा मिनिट थांबा.

तरीही जोडलं नाही तर बहुतेक वेळा नावातच खोट असते. यादीतून नाव निवडताना स्पेलिंगचा प्रश्न येत नाही, इथे मात्र एकेक अक्षर जुळावं लागतं. मोठी-छोटी लिपी वेगळी धरली जाते. शून्य आणि 'ओ', आडवी रेघ आणि खालची रेघ यांत गल्लत होते. सगळ्यात फसवी असते ती न दिसणारी मोकळी जागा: कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की तो शब्दामागे आपोआप एक स्पेस टाकतो. नाव लिहून झालं की कर्सर शेवटी नेऊन एकदा मागे खोडून पाहा. खोडल्यावर अक्षर गेलं नाही तर तिथे स्पेस होती.

राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचं नाव कारखान्यातलं असतं, बसवणाऱ्याने ते बदललेलं असू शकतं. जो फोन जोडलेला आहे त्यात नेटवर्कच्या नावावर टॅप करून 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच फोनमध्ये त्याखाली पासवर्डही दिसतो. हा कोड नव्या फोनने वाचणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग, कारण टाइप करायचं कामच उरत नाही.

नाव, सुरक्षा, हिडन, तिन्ही बरोबर असूनही फोन ताटकळत असेल तर राउटरवर 'मॅक फिल्टर' लावलाय का, ते बसवणाऱ्याला विचारा. ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी ती यादी असते. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता एक बनावट पत्ता देतो. यादीत खरा पत्ता असेल तर फोन दारातच अडतो. त्या नेटवर्कच्या 'प्रायव्हसी' मध्ये जाऊन 'यूज डिव्हाइस मॅक' निवडा. आयफोनमध्ये हीच सोय 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस' या नावाने आहे.

प्रश्न : घरचं लपवलेलं नेटवर्क २.४ गिगाहर्ट्‌झवर लगेच जोडतं. ५ गिगाहर्ट्‌झवर मात्र कधी मिनिटभर लागतं, कधी सापडतच नाही. फोन राउटरच्या शेजारी ठेवला तरी तेच.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ५ गिगाहर्ट्‌झचा चॅनेल क्रमांक पाहा. ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ यांतला असेल तर कारण सापडलं. हे पट्टे रडारही वापरतं. म्हणून राउटरला तिथे प्रसारण सुरू करण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आणि फोनला तिथे आपणहून हाक मारायची मुभा नसते. आधी राउटरची चाहूल लागली पाहिजे, मगच नाव घेऊन विचारायचं. उघड्या नेटवर्कला याने फरक पडत नाही, चाहुलीतच नाव असतं. लपवलेल्या नेटवर्कला मात्र एक फेरी जास्त लागते आणि तेवढ्यात फोन पुढच्या चॅनेलवर निघून जातो.

चॅनेल 'ऑटो' वरून काढून ३६, ४०, ४४, ४८ किंवा १४९, १५३, १५७, १६१ यांपैकी एक पक्का करा. राउटरचं पान साधारणपणे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं, जिओफायबरचं १९२.१६८.२९.१ वर. ब्राउझरमध्ये हे अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करा.

प्रश्न : सोसायटीतली मुलं आमचं वाय-फाय वापरतात असा संशय आहे. नाव लपवलं तर बंद होईल ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. आणि हे आम्ही ठामपणे सांगतोय, कारण नाव लपवलं की माणूस निर्धास्त होतो आणि जे खरोखर करायला हवं ते राहून जातं.

तुमचा फोन राउटरशी जोडताना नेटवर्कचं नाव उघड भाषेत पाठवतो. पासवर्डने जे झाकलं जातं ते त्यानंतरचं. वायरशार्कसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि ते ऐकू शकणारं वाय-फाय कार्ड ज्याच्याकडे आहे, त्याला तुम्ही संध्याकाळी घरी येऊन फोन जोडेपर्यंत थांबायचंय, एवढंच. शिवाय ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याच्या फोनमध्ये नावही आहेच. ज्यांच्यावर संशय आहे ती मुलं याच गटातली असणार.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. हिडन म्हणून सेव्ह केलेलं नेटवर्क फोन घराबाहेरही शोधत राहतो. ठाणे स्टेशनवर, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये तो तुमच्या घरच्या वाय-फायचं नाव घेऊन "आहेस का?" असं विचारतो. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर असेल तर तेही हवेत जातं, थोडी बॅटरीही जाते. 'हिडन' ला 'येस' करताना अँड्रॉइड सूचना देतो ती याचीच, आणि आयफोनही अशा नेटवर्कखाली गोपनीयतेचा इशारा दाखवतो.

तेव्हा करायचं ते असं. पासवर्ड बदला. किमान ८ अक्षरं लागतात, ६३ पर्यंत चालतात, आमच्या मते १४ च्या खाली जाऊ नये. मोबाइल नंबर आणि मुलांची जन्मतारीख नको. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए२ एईएस' किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. 'टीकेआयपी' किंवा 'डब्ल्यूईपी' या जुन्या, कमकुवत पद्धती असतील तर आजच काढा, त्यांच्यामुळे वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. 'डब्ल्यूपीएस' (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. राउटरच्या पानाचा लॉगिन पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन' असेल तर तोही बदला, नाहीतर आत शिरलेला कोणीही नवा पासवर्ड वाचू शकेल. मग 'कनेक्टेड डिव्हायसेस' ची यादी उघडून घरातली उपकरणं एकेक मोजा: फोन, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा.

आधीच नाव लपवलं असेल आणि आता उघड करणार असाल, तर घरच्या प्रत्येक फोनमधली जुनी नोंद काढून नव्याने जोडा. नुसतं राउटरवर नाव उघड केलं तर फोन 'हिडन' समजूनच हाका मारत राहील. आणि राउटरवरचा शब्द नीट वाचा: एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचं नाव. कुठे 'हाइड एसएसआयडी' असतं, तिथे टिक म्हणजे लपवलं. कुठे 'ब्रॉडकास्ट एसएसआयडी', तिथे टिक म्हणजे उघड.

प्रश्न : मुलीच्या आयफोनचा हॉटस्पॉट माझ्या फोनच्या यादीत दिसत नाही. 'अ‍ॅड नेटवर्क' मधून नाव टाकलं, हिडन 'येस' केलं, तरी जोडत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा हॉटस्पॉट लपवलेला नाही, तो बहुधा झोपलेला आहे. कोणी जोडलेलं नसलं की आयफोन थोड्या वेळाने आपलं प्रसारण बंद करतो. मुलीला 'पर्सनल हॉटस्पॉट' चं पान उघडून ते तसंच उघडं ठेवायला सांगा, 'अलाउ अदर्स टू जॉइन' चालू आहे ना ते पाहायला सांगा, आणि तुम्ही जोडेपर्यंत ते पान सोडू देऊ नका. आयफोन १२ किंवा नंतरचा असेल आणि तुमचा फोन फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ पकडणारा असेल तर त्याच पानावर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

नाव टाइप करून का जमलं नाही, त्याचंही कारण आहे. आयफोन नाव ठेवताना मालकाच्या नावापुढे इंग्रजी षष्ठीचं चिन्ह लावतो. ते वळणदार असतं. आपल्या कीबोर्डवर पटकन मिळतं ते सरळ. डोळ्याला दोन्ही सारखी, फोनच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं, म्हणून नाव जुळत नाही. 'जनरल', 'अबाउट', 'नेम' मध्ये जाऊन चिन्हाशिवायचं साधं एकशब्दी नाव ठेवा.

प्रश्न : वाय-फायचं नाव देवनागरीत 'वकील कार्यालय' ठेवून लपवायचं होतं. राउटर घेत नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर १ बाइट खातं, देवनागरी ३, आणि काना, वेलांटी, हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'वकील' चे १२, मधली मोकळी जागा १, 'कार्यालय' चे २४, एकूण ३७. बसत नाही. 'आमचं घर' १९ मध्ये बसतं.

देवनागरी नाव जरूर ठेवा, पण लपवू नका. 'ॲडव्होकेट' मधलं पहिलं अक्षरच घ्या: एक कीबोर्ड ते एकसंध लिहितो, दुसरा 'अ' वर चंद्र चढवून, आणि काही कीबोर्ड मध्ये न दिसणारं जोडचिन्हही घालतात. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखी, फोनसाठी तीन वेगळी नावं. यादीतून निवडताना याने काही बिघडत नाही, हाताने टाइप करताना मात्र नाव जुळेलच याची खात्री नाही.

प्रश्न : कंपनीचं वाय-फाय लपवलेलं आहे. फोन 'सीए सर्टिफिकेट' आणि 'डोमेन' मागतो. आधीच्या फोनवर 'डू नॉट व्हॅलिडेट' निवडून चालायचं, नव्यात तो पर्यायच नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तो पर्याय अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून निघायला लागला, आणि ते योग्यच झालं. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. त्या पर्यायाने फोन समोरच्या सर्व्हरची ओळख न तपासताच लॉगिनची देवाणघेवाण करायचा. त्याच नावाचा खोटा राउटर कोणी खाली पार्किंगमध्ये लावला तर तुमचं लॉगिन त्याच्या हाती पडू शकलं असतं.

आयटी विभागाकडून चार गोष्टी लेखी मागून घ्या: नेटवर्कचं नेमकं नाव, ईएपीचा (लॉगिन तपासण्याच्या पद्धतीचा) प्रकार, सर्टिफिकेट त्यांचं स्वतःचं की 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स' चालेल, आणि डोमेन (सर्व्हरचं नाव). प्रकार बहुतेक ठिकाणी 'पीईएपी', त्याखाली 'एमएसचॅप व्ही२' असतो. 'आयडेंटिटी' मध्ये तुमचं लॉगिन, आणि 'हिडन' ला 'येस'. आयटीने स्वतःची प्रोफाइल फाइल दिली तर हाताने काहीच भरू नका, तीच बसवा. फोनची तारीख चुकलेली असेल तर सर्टिफिकेट मुदतबाह्य समजलं जातं, तेही पाहून घ्या.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. मुख्य वाय-फाय लपवलेलं आहे. पाहुण्यांसाठी भिंतीवर क्यूआर लावता येईल?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : येईल. कोड बनवताना 'हिडन' ची खूण करायला विसरू नका. कोडच्या आत चार तुकडे असतात: टी म्हणजे सुरक्षा, एस म्हणजे नाव, पी म्हणजे पासवर्ड, एच म्हणजे लपवलेलं आहे की नाही. एच नसेल तर फोन नोंद करून घेतो आणि पहिल्या उत्तरातल्यासारखा गप्प बसतो. नावात किंवा पासवर्डमध्ये अर्धविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम, अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ असेल तर तिच्याआधी आणखी एक उलटी तिरकी रेघ लागते. ती चिन्हं टाळलेलीच बरी. कोड ४ सें.मी. चौरस छापला की हातभर अंतरावरून नीट वाचला जातो.

पण पाहुण्यांना मुख्य वाय-फाय देऊच नका. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, त्याचं नाव उघडं ठेवा, पासवर्ड वेगळा ठेवा आणि त्याचाच क्यूआर लावा. म्हणजे पाहुण्यांच्या फोनमधून तुमचा कॅमेरा आणि बिलिंगचा लॅपटॉप दिसणार नाही.