पावती आहे, मग मत का नाही?

तुम्ही कोरेगावहून विचारलंय की काँग्रेसची सदस्यत्वाची पावती असूनही २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी मत का देता आलं नाही.

कारण अध्यक्ष निवडतात ते प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट. पक्षाच्या घटनेत ब्लॉकमागे (ब्लॉक म्हणजे जिल्ह्याखालचा पक्षाचा विभाग) एक डेलिगेट आहे आणि तो प्राथमिक, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवरच्या समित्यांनी गुप्त मतदानाने निवडायचा असतो. शिवाय थोडे पदसिद्ध. २०२२ ला देशभरातून ९,३८५ मतं पडली: मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२ आणि बाद ४१६. बाद मतं थरूरांच्या मतांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! आधी सूचना होती की पसंतीच्या नावापुढे '१' लिहा. पण मतपत्रिकेवर खर्गेंचाच अनुक्रमांक १ होता, म्हणून थरूरांच्या बाजूने हरकत घेतली आणि मतदानाच्या आदल्या दिवशी 'बरोबर'ची खूण करायचं ठरलं.

अध्यक्षपदाच्या उमेदवारी अर्जाला दहा डेलिगेट सूचक, म्हणजे नाव सुचवून सही करणारे लागतात. इथे सही जपावी लागते. त्या वेळी आलेल्या २० अर्जांपैकी ४ छाननीत उडाले, ते सह्यांच्या घोळामुळे: कुठे सही जुळत नव्हती, कुठे एकाच सूचकाची सही दोनदा. झारखंडच्या के. एन. त्रिपाठींची उमेदवारी तिथेच संपली. आपल्या कराडचे पृथ्वीराज चव्हाण खर्गेंच्या सूचकांत होते.

मतपेट्या दिल्लीला नेऊन सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळतात आणि मग मोजतात. त्यामुळे कुठल्या राज्याने कुणाला मत दिलं ते कळत नाही. ही पद्धत मला पटते, डेलिगेटवर नंतर कुणी डूख धरू शकत नाही.

खरी गोम त्याच्या कितीतरी आधी, ब्लॉकमध्ये आहे. बैठकीत 'एकमताने' ठराव होतो, नाव वरून येतं, गुप्त मतदान कागदावरच राहतं. म्हणून पुढच्या वेळी सदस्य नोंदणी संपली की ब्लॉकच्या निवडणूक अधिकाऱ्याला गाठा. प्राथमिक समितीच्या यादीत आपलं नाव आहे ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. डेलिगेट व्हायचं असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जागेला दोन अर्ज असले की बिनविरोध म्हणता येत नाही, मतदान घ्यावंच लागतं. तोंडी इच्छा सांगितलेल्याचं नाव इतिवृत्तात येत नाही, मग तक्रारीला आधारच उरत नाही. तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि तिथे दाद लागली नाही तर प्रदेशच्या अधिकाऱ्याकडे, तीही लेखीच करा. भारत निवडणूक आयोग पक्षाच्या आतल्या मतदार याद्या तपासत नाही, तिकडे वेळ घालवू नका.