गाडी एका बाजूला ओढते? आधी अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) पळू नकोस

मित्रा, चारही टायरची हवा थंड असताना मोजलीस का? बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघ (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले टायर असतील तर नको). ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचाच.

मग टायरवरून आडवा तळहात फिरव. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना करवतीसारखं टोचतंय, किंवा उलट, तर टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत-बाहेर वळल्याचा कोन, बिघडलाय. एकच कड गुळगुळीत झाली असेल तर कॅम्बरवर, म्हणजे समोरून पाहता चाक उभ्यात कललेलं असण्यावर, संशय घे. दोन्ही कडा झिजल्यात? हवा कमी ठेवून चालवलीस.

आता जॅक लाव, खाली स्टँड दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलव. खडखड झाली तर बहुधा टाय रॉड एंड (स्टीअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) ढिला. १२ आणि ६ वर हललं तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते). कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. तेवढ्याने चाकाचं हलणं थांबलं तर बेअरिंगच. मी एकदा टाय रॉड एंड ढिला असतानाच अलाइनमेंट करून घेतली. आठवड्यात स्टीअरिंग पुन्हा वाकडं, पैसे पाण्यात. तेव्हा आधी ढिले भाग बदल, मग अलाइनमेंट.

आणि ठरावीक वेगालाच स्टीअरिंग थरथरत असेल तर ते बहुधा बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्याचं) दुखणं, अलाइनमेंटचं नव्हे.